गढी माहेरी गेली तेव्हा

वेळबंदरची पाणगढी माहेरी गेली, हे सकाळी जेटीवर मी सगळ्यांना सांगितलं, पण एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. सरपंच दिनानाथ पावशे चहा ढवळत म्हणाले, "द्वारकाबाई, धुकं असेल."

धुकं मला कळतं. जेटीवर कोकम सरबत विकण्यात माझा जन्म गेला. समोर गढीच्या जागी नुसतं पाणी होतं, आणि बसायला बुरूज नाही म्हणून पाखरं घिरट्या घालत होती.

मग पर्यटकांची बस आली. त्यांनी तिथवर लाँच नेली आणि रिकामी जागा बघून आले. तेव्हा सगळ्यांना पटलं. माझ्या शब्दाला किंमत नाही, बसवाल्यांच्या आहे.

"माहेरी गेलीय," लाँचवाला त्यांना सांगत होता. "तोवर दीपगृह बघा, दर्गा बघा. दर्ग्याजवळ घावणे चांगले मिळतात."

"परत कधी येणार?" एका बाईने विचारलं.

"आत्ताच तर गेली, ताई."

गढीचं माहेर काळखडप, घाटावरचं. तिचा दगड तिथल्या खाणीतला. बांधली तेव्हापासून तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. पण ती गेली ती माझ्या सुनेमुळे.

माझी सून दर्शनाही काळखडपचीच. लग्न झाल्यापासून माहेरी गेली नव्हती. तिच्या आईची नजर जात चाललेली. आई फोनवर म्हणायची, "दिसतंय तोवर ये गं." माझा मुलगा हरेश्वर म्हणायचा, सीझन आहे, गढीवर तिकिटं कोण फाडणार? पावसाळ्यात म्हणायचा, घाटात दरड पडते. शेवटी मीच गढीच्या पायरीवर दर्शनाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. म्हटलं, आता नीघ, त्याला मी बघते. तेवढ्यात हरेश्वर आला. "दोन बस आल्यात," म्हणाला. पोरीने ओटी पायरीवर ठेवली आणि तिकिटं फाडायला बसली.

आमच्याकडे ओटी भरली की निघावं लागतं. दर्शना निघाली नाही, म्हणून गढी निघाली.

काळखडपहून फोन आला. गढी सुखरूप पोचली होती. खाणीत टेकली होती. बायका तिच्या बुरुजांना खोबरेल चोळत होत्या. खाऱ्या वाऱ्याने फार रखरखीत झालीय म्हणाल्या.

"नोटीस काढू," सरपंच म्हणाले.

"माहेरवाशिणीला नोटीस?" मी म्हटलं. "आणायला माणूस जातं. तिच्या गावचं, ओळखीचं."

सगळ्यांनी दर्शनाकडे बघितलं. हरेश्वर म्हणाला, "पण तिकिटं..." आणि त्याची नजर समोरच्या पाण्याकडे गेली.

"किती दिवसांत आणशील?" सरपंचांनी तिला विचारलं.

"ती निघेल तेव्हा, काका. घाई कशी करू?"

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि एसटीचं भाडं मंजूर केलं.

आंबे संपता संपता गढी आली. भरतीबरोबर, हळू. भिंती तुकतुकीत, दरवाजावर काजळाची तीट. बुरुजावर दर्शना बसलेली, मांडीवर लोणच्याची बरणी. मला म्हणाली, "आईने बघितलं मला, आत्या. बारीक झालीस म्हणाली. म्हणजे दिसलं की तिला." मी बरणी हातात घेतली. जड होती.

मग जेटीवर चौकशी बसली. सीझन बुडाला, कुणाचं तरी नाव लागणार होतं. सरपंच म्हणाले, "ओटी भरणारीचं लिहावं लागेल."

"ओटी भरणं गुन्हा आहे का?" मी विचारलं. "भरलेल्या ओटीची बाई थांबवली कुणी, ते लिहा."

सरपंचांनी चष्मा पुसला. "द्वारकाबाई, तुमचाच मुलगा आहे तो."

"म्हणूनच पूर्ण नाव लिहा."

त्यांनी लिहिलं: हरेश्वर रामा तांडेल.