पासपोर्टाचं प्रस्थान

"बुधवारी उत्तरेले कोणी जाते काय?" माणिकबाईंनी तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"रेलगाडी जाते," देवमनजी म्हणाले. "अन् तिचे बूट काही कोणी चोरत नाई."

देवमनजी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनात मुकादम होते. मुहूर्त, दिशाशूल, मांजर आडवं जाणं असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता आणि हे ते दिवसातून निदान एकदा बायकोला ऐकवत. बुटांचा विषय निघाला तो एरिकमुळे.

एरिक डेन्मार्कचा. महानुभावांच्या जुन्या पोथ्या वाचायला म्हणून आला आणि देवमनजींच्या माडीवर भाड्याने राहिला. सकाळी एस.टी.ने रिद्धपूरला जायचं, तिथल्या म्हाताऱ्या महंतांपुढे मांडी घालून बसायचं आणि संध्याकाळी माणिकबाईंच्या चुलीपुढे. पोथीतली मराठी तो महंतांकडून शिकला, बाकीची माणिकबाईंकडून. त्यामुळे भेटेल त्याला आधी 'दंडवत' घालायचा आणि लगेच 'जेवले काय?' विचारायचा. माणिकबाई-देवमनजींना मूलबाळ नव्हतं. हा सहा फुटी पोरगा जिन्यावरून धडधडत उतरला की घर कसं भरल्यासारखं वाटे.

पण त्याची भारतात राहायची मुदत संपत आली होती. कचेरीतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं : इथे बसून मुदत वाढायची नाही. रेल्वेने नेपाळची हद्द गाठा, ती ओलांडा, तिकडून नवा शिक्का घ्या आणि खुशाल परत या. नाहीतर पोथी अर्धवट टाकून डेन्मार्क गाठा. मागच्या साली तो मंगळवारी निघाला, शिक्का घेऊन आलाही, पण गाडीत झोपला असताना त्याचे बूट गेले.

माणिकबाईंना सरकारी नियम एका दमात पटला. "म्हंजे शिवेबाहेर पाय ठेवा अन् नवे होऊन या. सरकारले अक्कल हाये म्हणा! पण वार पाहाले नको? मंगळवार-बुधवार उत्तरेले दिशाशूल असते."

"माय, गाडी तं बुधवारचीच हाये," एरिक म्हणाला. "त्याच्यानंतर गेलो तं उशीर होते."

"मंग सोमवारी प्रस्थान ठेवून देऊ."

वार वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस त्याच दिवशी निघाला असं धरायचं. मग खरं निघताना ती वस्तू तिथून उचलायची आणि पुढे चालू लागायचं. ती परत घरात मात्र आणायची नाही.

"वस्तू जिथं ठेवली, तिथं माणसाले यावंच लागते," माणिकबाई म्हणाल्या. "ज्याच्यावाचून तुवं पाऊल उचलत नाई, असं काई दे मले."

एरिक अभ्यासू माणूस. त्याने नीट विचार केला आणि पासपोर्ट काढून दिला.

माणिकबाईंनी तो रुमालात ठेवला, वर सुपारी, हळकुंड, चार अक्षता टाकून गाठ मारली आणि मागच्या गल्लीतल्या आपल्या मानलेल्या मावशीच्या, सत्यवतीबाईंच्या, भिंतीतल्या देवळीत नेऊन ठेवला. देवमनजींना हे संध्याकाळी कळलं, तेव्हा ते पोट धरून हसले. "तुई मावशी इमानदार हाये, तिच्या घरून काई जात नाई," एवढंच म्हणाले.

मावशी इमानदार होती, तिथेच घात झाला. बुधवारी सकाळी तिघं बॅग घेऊन सत्यवतीबाईंच्या दारात पोचले, तर दाराला हे एवढं कुलूप.

"अकोल्याले गेल्या जी," शेजारीण म्हणाली. "पोरीच्या पोटात दुखाले लागलं म्हणून राती सांगावा आला. तुमचं प्रस्थान बी संग नेलं. म्हणे, लोकाचं प्रस्थान कुलपात कोंडलं तं त्याचा प्रवास बी कोंडते."

"पाहा!" माणिकबाई नवऱ्याला म्हणाल्या. "किती काळजी त्या बाईले!"

"काळजी?" देवमनजींचा आवाज चढला. "अवो, पोराले जायचं उत्तरेले, अन् त्याचा पासपोर्ट गेला पश्चिमेले!"

बुधवारची गाडी सोडून द्यावी लागली. देवमनजी आणि एरिक बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरून दुपारी सत्यवतीबाईंच्या पोरीच्या सासरी जाऊन धडकले. ओसरीवर पेढे वाटणं चाललं होतं.

"नातू झाला!" सत्यवतीबाईंनी दोघांच्या हातावर पेढा ठेवला.

"लई चांगलं झालं. आमचं गाठोडं?"

"ते कसं ठेवू घरात? पोरगं झालं, घराले सोयेर आलं. सोयेरात दुसऱ्याचं प्रस्थान चालते काय? माही बहीण इंदू बाळाले पाहून बार्शीटाकळीले परत जाऊन राहिली होती, तिच्यापाशी देलं. इंदू लई सोवळ्याची हाये, काळजी करू नका."

देवमनजींनी पेढा तोंडात टाकला, कारण तोंडात दुसरं जे आलं होतं ते बाळंतिणीच्या घरी बोलण्यासारखं नव्हतं. एरिकचा चेहरा मात्र उतरला होता. "काकाजी, पोथीची पंचवीस पानं राहिली," तो हळूच म्हणाला. "महंतबाबा म्हातारे हायेत. पुढच्या साली मी येईन, पण ते असतीन काय?"

देवमनजींनी बार्शीटाकळीच्या एस.टी.त एरिकला खिडकीची जागा दिली.

बार्शीटाकळीला इंदूबाईंनी त्यांचं स्वागत केलं, पण गाठोडं देण्याआधी उलटतपासणीही केली. "ज्याचं प्रस्थान त्यानंच उचललं पाहिजे. हा गोरा कोण?"

"दंडवत," एरिक हात जोडून म्हणाला. "जेवले काय तुमी?"

इंदूबाईंनी गाठोडं तर दिलंच, वर दोघांना भाकरी-ठेचा खायला घातला. निघताना बजावलं, "आता माघारी अमरावतीले नेऊ नका. हे पुढंच गेलं पाहिजे."

अमरावतीला जायची गरजच उरली नव्हती. अकोल्याहून रात्री छोट्या रुळांवरची खांडव्याची गाडी होती, ती सरळ उत्तरेला जात होती, तिथून पुढची गाडी धरली की मुदतही साधत होती आणि तोवर बुधवार संपून गुरुवार लागत होता. देवमनजींच्या हे लक्षात आलं, पण त्यांनी उच्चार केला नाही. एरिक तिकीट काढायला गेला, तेव्हा ते अकोल्याच्या फलाटावर बॅगेपाशी बसून काहीतरी खुडबूड करत होते. गाडी सुटली. देवमनजी ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले आणि मग काखेत पिशवी मारून परतले.

"मिळालं काय?" माणिकबाईंनी दारातच विचारलं.

"मिळालं. तुया मुहूर्तानं पोरगा अर्धा वऱ्हाड फिरला."

त्यानंतरचे दिवस सरता सरेनात. घर खायला उठलं. देवमनजी जिनातून येत, माडीकडे बघत आणि बायकोला म्हणत, "शिक्का नाई देल्ला तं तिकडूनच वापस जाईन तो. मी सांगून ठेवतो." माणिकबाई तीन माणसांच्या भाकरी थापत, आणि तिसऱ्याची रोज गायीला जाई.

मग एका संध्याकाळी अंगणातून आवाज आला, "दंडवत माय! जेवले काय?"

एरिक दारात उभा होता. पासपोर्ट हातात, त्यावर नवा शिक्का, चेहऱ्यावर हसू. माणिकबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग त्यांची नजर खाली गेली. त्याच्या उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता.

"बूट?"

"गेले, माय. पुन्हा गाडीतच."

"अन् दुसरी चप्पल?"

"तेच मले समजून नाई राहिलं. मापानं करून घेतलेली जोडी होती, एवढ्या मोठ्या मापाची बाजारात भेटत नाई. बॅग उघडली तं एकच निघाली. तशीच घालून नेपाळात गेलो अन् आलो."

देवमनजी उठले, धान्याच्या कोठीमागे हात घातला आणि रुमालात बांधलेलं एक लांबट गाठोडं काढून एरिकच्या पुढ्यात ठेवलं. गाठ सुटली, आणि डाव्या पायाच्या चपलेबरोबर एक सुपारी आणि एक हळकुंड घरंगळत जमिनीवर आलं.

"उंदरानं नेली असंल," देवमनजी माडीकडे बघत म्हणाले.

माणिकबाईंनी हळकुंड उचललं, पदराने पुसलं आणि डब्यात टाकलं.

"हो नं, वस्तू ठेवली तिथं माणूस येतेच," त्या म्हणाल्या. "आपल्या घरचे उंदीर पहिल्यापासून लई देवभोळे."