कटला, कणीक आणि दामोदररावांचे केस

एका जंगलात एक तळं होतं, आणि मुलांनो, त्या तळ्याच्या काठावर मासे न खाणाऱ्या प्राण्यांचीच फार गर्दी असे.

तुम्ही म्हणाल, मासे खायचे नाहीत तर तिथे जायचं कशाला? पकडायला. मासा पकडायचा, त्याचं वजन करायचं, शेजाऱ्याला दाखवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. याला छंद म्हणतात. ज्यांना मासा खायचा असतो त्यांना छंदाला वेळ नसतो. पाणमांजरं सकाळी यायची, बुडी मारायची आणि न्याहारी तोंडात धरून घरी जायची. त्यांच्याकडे बघून काठावरची मंडळी मान हलवायची आणि म्हणायची, "तंत्र नाही."

त्याच जंगलात दामोदरराव नावाचे एक अस्वल राहत होते. बत्तीस वर्षं त्यांनी वारूळ खात्यात नोकरी केली होती. कोणतं वारूळ कधी उकरायचं याचे कागद ते तयार करत. मग ते निवृत्त झाले आणि घरी बसले. पहिल्या आठवड्यात त्यांनी मधाची गाडगी उंचीप्रमाणे लावली. दुसऱ्या आठवड्यात ती रंगाप्रमाणे लावली. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी सुभद्राबाई भाकरी थापत होत्या, तर हे शेजारी उभे राहून म्हणाले, "कडेला जरा जाड होतेय."

सुभद्राबाईंनी हात धुतले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तळ्यावर जात जा."

"अगं, आपण मासे कुठे खातो?"

"खायला नव्हे, बसायला जा. तिथे संध्याकाळपर्यंत बसतात म्हणे."

तळ्याकाठच्या जांभळीवर खंडेराव खंड्यांचं दुकान होतं. दुकानात काय नव्हतं? लांब पल्ल्याच्या काठ्या, जवळच्या पल्ल्याच्या काठ्या, रिळं, शिशाची वजनं, अकरा आकारांचे गळ, पाण्यावर डुलणारी तांबडी पिसं, मासा लागला की वाजावं म्हणून काठीच्या टोकाला बांधायची घुंगरं, आणि घडीची खुर्ची. आमिषासाठी शेंगदाण्याची पेंड, भाजलेली कणीक, बडीशेप, सडवलेलं केळं आणि एक काळपट गोळी होती. तिच्यात काय आहे ते खंडेराव कुणाला सांगत नसत.

दामोदररावांनी सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः कुठला गळ वापरता?"

"मी चोच वापरतो," खंडेराव म्हणाले. "पण ती विकायला नाही."

दामोदररावांनी एक मधली काठी घेतली, रीळ घेतलं, मध्यम गळ घेतले, घुंगरू घेतलं. खुर्ची तर घेतलीच. आणि ते काठावर जाऊन बसले.

त्यांच्या शेजारी विश्वासराव रानडुक्कर बसत. आठ वर्षं ते या तळ्यावर येत होते. त्यांच्याकडे पाच काठ्या होत्या आणि मासा पाण्याबाहेर काढायला लांब दांड्याची जाळी होती. जाळी अजून कोरडी होती.

"कटला मासा फार हुशार," विश्वासरावांनी समजावलं. "या तळ्यातला थोरला कटला तर पंधरा किलोचा आहे. तो आमिष गिळत नाही. आधी तोंडात ओढून घेतो, लोखंड लागतंय का बघतो आणि थुंकून टाकतो. मग गोळा फुटला की चुरा खातो. आठ वर्षं मी त्याला जेवू घालतोय."

दामोदररावांना ही जागा आवडली. पाणी होतं, सावली होती, आणि कुणी भाकरी थापत नव्हतं. तीन महिने ते रोज आले. एकदाही घुंगरू वाजलं नाही. त्यांची काही तक्रार नव्हती.

मग दसरा होऊन गेला. त्या दिवसांत अस्वलांचे जुने केस गळतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. दामोदररावांनी गुडघ्यावर परात घेऊन पेंड आणि कणीक मळली. गोळा वळून गळाला लावला. तो घसरला. परत लावला, परत घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी बघितलं तर गोळ्यात त्यांचाच एक लांब केस मळला गेला होता. केसाचं दुसरं टोक गळाला गुंडाळलं होतं, आणि गोळा गळाच्या शेजारी लोंबकळत होता. गळ नुसताच उघडा.

"असू दे," ते म्हणाले, कारण त्यांना झोप येत होती. आणि त्यांनी तो तसाच पाण्यात टाकला.

अर्ध्या तासाने घुंगरू वाजलं. इतकं वाजलं की खंडेराव जांभळीवरून खाली आले. दामोदरराव उठले, खुर्ची कलंडली, रीळ सर्रकन फिरायला लागलं. विश्वासराव ओरडत होते, "ओढू नका, दमवा त्याला. जाऊ द्या, जाऊ द्या, आता घ्या." वीस मिनिटांनी विश्वासरावांची जाळी पहिल्यांदा ओली झाली.

थोरला कटला जाळीत पडून दामोदररावांकडे बघत होता.

"भाजणार की उकडणार?" त्याने विचारलं.

"मी मासे खात नाही."

"मग हा काय उद्योग?"

"निवृत्त झालोय."

"बरं बरं," कटला समजुतीने म्हणाला. दामोदररावांनी ओल्या हातांनी त्याचा गळ काढला, वजन केलं आणि त्याला हळूच पाण्यात सोडून दिलं. त्यांची छाती धडधडत होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी कधी धडधडली नव्हती.

आता सगळे विचारू लागले, कसं काय जमलं? दामोदरराव सरळ स्वभावाचे होते. त्यांनी जे झालं ते सांगून टाकलं. "गोळा केसाला होता. कटल्याने तो ओढला, त्याला लोखंड लागलं नाही. मागोमाग गळ आत गेला. बस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वासराव घरी आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "एक केस मिळेल का? पाठीचा चालेल."

"तुम्हाला तुमचे आहेत की."

"माझे राठ आहेत हो. कटल्याला कळेल."

दामोदररावांनी एक केस दिला. दुपारी माकडं आली. त्यांनी विचारलं नाही, उपटून घेतले. आठवड्याभरात अंगणापासून वडापर्यंत रांग लागू लागली. मासा न पकडणारेही रांगेत होते. कुणाला केस मुलाच्या गळ्यात बांधायचा होता, कुणाला दाराला. एकदा खंडेराव आले आणि म्हणाले, "दुकानात पुड्या करून ठेवू या. 'अस्सल दामोदर' असं लिहू. उजव्या खांद्याचे वेगळे, डाव्याचे वेगळे."

मुलांनो, मार्गशीर्ष लागला. जंगलात धुकं पडू लागलं. आणि दामोदररावांच्या पाठीवर, परातीएवढ्या जागेत, एकही केस नव्हता.

त्यांना हुडहुडी भरायची. सुभद्राबाईंनी त्यांना गोधडी पांघरली आणि रांगेतल्या एका रानमांजराला झाडूने हाकललं. मग त्या नवऱ्याशेजारी बसल्या.

"असंच चाललं तर पौष काढणार नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "नाही म्हणत का नाही?"

"खरं सांगून बसलोय गं. आता नाही कसं म्हणू? कंजूष म्हणतील."

"तुम्ही इतकं सोपं सांगितलंत म्हणून हे झालं. तुम्ही खात्यात कागद कसे करायचात? चार मुंग्यांचं काम, पण बावीस कलमं."

दामोदरराव बोटांवर कलमं मोजू लागले.

त्या रविवारी तळ्यावर त्यांचं व्याख्यान होतं. विषय होता, 'केस आणि कटला'. ते गोधडी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "केस नेऊनही कुणाला मासा लागला नाही, कारण केसाचं मी सांगितलं ते अर्धवट होतं. केसाला काही अर्थ नाही. केस तर कुणाचाही गळतो. मूळ तंत्र निराळं आहे."

काठावर सगळे पुढे सरकले.

दामोदररावांनी आजूबाजूला पाहिलं. समोर जांभूळ होती, म्हणून ते म्हणाले, "गोळा आधी जांभळीच्या पानावर पाव घटका ठेवावा."

"कोवळ्या की जून?" खंडेरावांनी विचारलं.

"जून."

"दुकानात आहेत."

"तोंड ईशान्येला करावं. गोळा डाव्या हाताने सात वेळा वळावा, आठव्यांदा वळला तर टाकून द्यावा. पाण्यावरच्या पिसाकडे सरळ बघू नये. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं. गळ टाकताना उजवा पाय उचललेला असावा, पण फार नको." बोलता बोलता त्यांना गती आली. शेवटी एकूण एकोणीस कलमं झाली आणि तीन पोटकलमं.

विश्वासरावांनी सगळं लिहून घेतलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "मला शंका होतीच," ते शेजारच्याला म्हणाले. "इतकं सोपं असणारच नाही."

दुसऱ्या दिवसापासून रांग बंद झाली. सगळा काठ ईशान्येला तोंड करून एका पायावर उभा राहू लागला. मासे कुणालाच मिळाले नाहीत, पण आता त्याचं दुःख कुणाला नव्हतं. पूर्वी मासा का लागला नाही ते कळायचं नाही. आता प्रत्येकाला आपलं कुठलं कलम चुकलं ते नेमकं सांगता यायचं. दामोदररावांना 'गळाचार्य' ही पदवी मिळाली. खंडेरावांनी जांभळीची निम्मी पानं विकली. सात वेळा वळलेला गोळा पाण्यात पडल्या पडल्या फुटायचा, त्यामुळे थोरला कटला अठरा किलोचा झाला.

दामोदररावांना मात्र बरं वाटत नव्हतं. एका दुपारी त्यांनी विश्वासरावांना बाजूला घेतलं. "ते सगळं मी मनाने रचलं," ते म्हणाले. "खरं तेच, जे पहिल्यांदा सांगितलं. केसाला गोळा, शेजारी उघडा गळ."

विश्वासरावांनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. "परीक्षा बघताय होय आमची?" ते म्हणाले आणि उजवा पाय उचलून आपल्या जागी गेले.

पौष संपेपर्यंत दामोदररावांच्या पाठीवर लव आली आणि माघात ती पुरती दाट झाली. त्यांनी गोधडी घडी करून ठेवली.

फाल्गुनात एक दिवस सगळं जंगल कोल्ह्याच्या मुलीच्या लग्नाला गेलं होतं. दामोदरराव एकटेच तळ्यावर गेले. काठ मोकळा होता. त्यांनी गोळा केसाला बांधला, जसा तेव्हा झाला होता तसाच. तो हातात धरून ते थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, एक जून पान शोधून आणलं आणि गोळा त्यावर ठेवला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "आज निवांत बसला असाल. ते ईशान्य-बिशान्य काही नाही."

"केलं सगळं," दामोदरराव म्हणाले.

"कोण बघत होतं?"

"कुणी नाही. पण उगाच जोखीम कशाला घ्यायची?" ते पाय धुऊ लागले. "आणि लागलाही नाही गं आज. मला वाटतं, पाय जरा जास्तच उचलला गेला."

तात्पर्य : मुलांनो, खरं नेहमी सोपं असतं, म्हणून ते सांगणाऱ्याच्या अंगावर केस राहत नाहीत. आपली विद्या आधी भरपूर अवघड करून घ्यावी आणि मगच वाटावी. वाटताना मात्र स्वतःचे कान झाकून घ्यावेत.