कांबळे सरांचं मोजमाप

आमच्या वरच्या मजल्यावरचे कांबळे सर दर रविवारी कोंबडीच्या दुकानात रांगेत उभे राहतात आणि कोंबडी घेत नाहीत. त्यांना हवा असतो रक्ताचा थेंब. खिशातून काचेची नळी काढून म्हणतात, "दस्तगीर, थेंबच दे रं. जास्त नको." मागची माणसं जरा लांब सरकतात. आमच्या टिळकवाडीत त्यांच्याविषयी काय काय बोलतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नाही. निवृत्त झाले आणि स्वयंपाकघरात तंबाखूवरच्या अळ्या पाळू लागले. मी एकदा विचारलं, "सर, अळी तुमची आणि रक्त कोंबडीचं, हे कसं?"

"माप नको व्हय? कोंबडीच्या रक्तपेशीत डीएनए किती, ते ठरलेलं असतंय. ते आपलं किलोचं वजन. त्याच्याशी अळीची पेशी तोलायची. रंग द्यायचा, जितका गडद, तितका डीएनए जास्त."

अळी ज्या ग्रंथीतून धागा काढते, तिथली पेशी म्हणे विभागतच नाही. आतला डीएनए दुप्पट होतो, परत दुप्पट होतो, पेशी फुगत जाते, पण एकाच्या दोन काही होत नाहीत. अशा पेशीला म्हणायचं बहुगुणित. सरांना याचं इतकं वेड, की आमच्या सोसायटीचे चेअरमन अंगानं सुटले तेव्हा ते जिन्यातच कौतुकानं म्हणाले, "लई बहुगुणित झालासा!" चेअरमनना 'बहुगुणी' ऐकू आलं. त्यांनी वार्षिक सभेत सरांना हार घातला.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात सर, इस्त्रीच्या शर्टात.

"मोजून झालं," म्हणाले.

"अरे वा! अभिनंदन सर. कुणाकुणाला कळवलं?"

"तुम्हालाच की." मग चौकटीला हात लावून म्हणाले, "निपाणीला आई होती. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला तिचा. विचारायची, काय बघतोस रं त्यात सारखं? म्हटलं, पुरं होऊ दे, दाखवतो. ती काय थांबली न्हाय." चौकटीवरचा हात काढून म्हणाले, "वर येता का? बघून जावा."

मी बायकोला हाक मारली. वर जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जांभळट गुलाबी, फांद्या फुटल्यासारखं काहीतरी भलंमोठं दिसलं. बायको माझ्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

"किती सुंदर आहे हो, सर!"

सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. मग चहा टाकला. घरात कप एकच निघाला. तो तिला दिला, मला स्टीलच्या वाटीत ओतला, आणि स्वतः नुसतेच उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आले. आम्ही खाली उतरू लागलो, तोच मागून म्हणाले, "उद्या बी या की. दाखवायसारखं आता काय उरलं न्हाय... पण या."