स्तूप कुठल्या हाताला?

सकाळी सातला लोदेन मास्तरांनी शिट्टी फुंकली, तेव्हा पदयात्रेतली चाळीसही माणसं अजून चहा पीत होती.

ताशीजोंगच्या वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी दर वर्षी बीरच्या तिबेटी वस्तीतून तिथपर्यंत ही पदयात्रा निघते. गेल्या वर्षी मंडळी इतकी उशिरा पोचली की शेवयांचा थुक्पा पार गारढोण झाला होता. तेव्हापासून मास्तरांचा मेहुणा ग्युर्मे त्यांना येता-जाता टोमणे मारत होता. शेवटी मास्तरांनी भर बाजारात पैज लावली. यंदा चारच्या ठोक्याला सगळे जण आपापल्या पायांनी पोचतील, नाहीतर पुढच्या वर्षी म्होरकेपण आणि शिट्टी ग्युर्मेची. ग्युर्मे मदतीची जीप घेऊन मागून येत होता, आणि कोणी लंगडतंय का यावर त्याचा डोळा होता.

पहिल्याच वस्तीत तासभर मोडला. एक घोट घेतला की घरधनीण पेला पुन्हा काठोकाठ भरायची. वेळ भरून काढायला मास्तरांनी सगळ्यांना चहाच्या मळ्यातल्या आडवाटेने काढलं. मंडळी पुन्हा रस्त्याला लागली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या छोझोम आमा मध्येच थांबल्या.

"मघाचा तो मळ्यातला स्तूप कुठल्या हाताला होता रे?"

सगळे आपापले हात बघू लागले. स्तूप डाव्या हाताला होता. म्हणजे चाळीस माणसं उलट्या बाजूने आली होती.

"आमा, तो केवढासा जुना स्तूप. वर गवत उगवलंय. त्याला काय कळतंय कोण कुठून गेलं ते?" मास्तर म्हणाले.

"तुझ्या डोक्यावर तर गवतही नाही. तरी तुझं ऐकलंच ना आम्ही?"

आमा मागे वळल्या आणि मंडळी त्यांच्यामागून गेली. स्तूप उजव्या हाताला ठेवून तीन फेरे घातल्याशिवाय त्या पुढे पाऊल टाकणार नव्हत्या. त्यांना अडवायला धावताना मास्तरांचा पाय चरात गेला आणि घोटा मुरगळला. जीप लगेच हजर झाली.

ग्युर्मेने मास्तरांना पुढच्या सीटवर बसवलं आणि वाटेत भेटेल त्या ओळखीच्या माणसापाशी गाडी थांबवून त्यांना दाखवलं. ताशीजोंगच्या वेशीशी पोचेपर्यंत साडेचार झाले. तिथे रस्ता एका स्तूपाच्या दोन्ही अंगांनी जातो. ग्युर्मेने खुशीत गाणं म्हणत जवळच्या बाजूने गाडी घातली.

स्तूप डावीकडून गेला. मास्तरांनी तो पाहिला आणि मान फिरवली. मागच्या वळणावर मंडळींचं गाणं ऐकू येत होतं. आत्ता आत शिरलं, तर जीप चुकीच्या बाजूने आल्याचं त्यांना कळणार नव्हतं. ग्युर्मे तर स्वतःची चूक सांगणार नव्हता. तरी मास्तरांच्या जिवाला काही चैन पडेना.

"गाडी मागे घे," ते म्हणाले.

"दाजी, फाटक समोर आलंय."

"माहीत आहे. घे मागे."

जीप तिसरा फेरा घालत असतानाच चाळीस जण वळणावरून आले. सगळे जीपच्या मागे फेऱ्याला लागले. मास्तर खाली उतरून लंगडत त्यांच्यात सामील झाले. इतका आनंद त्यांना दिवसभरात झाला नव्हता.

वृद्धाश्रमाच्या अंगणात मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून मेहुण्यापुढे धरली. ग्युर्मेने हात पुढे केला.

"फेरे घालावे लागले ती जीप कोण चालवत होतं?" आमांनी विचारलं.

हात मागे गेला. आमांनी शिट्टी स्वतःच्या गळ्यात घातली.

"पुढच्या वर्षी पाचला निघायचं," त्या म्हणाल्या. "चुकायलाही वेळ ठेवावा माणसाने."