देवऱ्यांची नाशिकातली बीअर

देवरे आमच्या घरी आले की चपला काढून थेट स्वयंपाकघरात जातात आणि इडलीच्या पिठाच्या पातेल्याला कान लावतात. नमस्कार-चमत्कार नंतर. "वहिनी, बोलायला लागलंय हो," एवढं सांगून झालं की बाहेर येऊन सोफ्यावर बसतात आणि चिडायला सुरुवात करतात.

इथे आखातात, अल मुंतझा भागातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. वय बावन्न, लग्न केलेलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "वेळापत्रकात बसलं नाही." माझ्याच कंपनीत ते प्लॅनिंग इंजिनिअर आहेत. मी ड्रॉइंग्ज सांभाळतो आणि रोज पहाटे साडेपाचला त्यांच्याच गाडीतून साइटवर जातो. त्यामुळे दिवसातला पहिला निषेध माझ्या वाट्याला येतो. लिफ्ट बंद असो, पाव गोड लागो, पुढच्या गाडीवाल्याने उगाच हॉर्न वाजवो. "माझा निषेध नोंदवून घ्या!" कुणी नोंदवून घ्यायचा ते त्यांनी कधी सांगितलेलं नाही. बहुधा मीच.

सुपरमार्केटातल्या बिनदारूच्या बीअरवर त्यांचा विशेष राग. बाटली हातात घेऊन लेबल मोठ्याने वाचतात. "डाळिंबाचा स्वाद! डाळिंबाचा! उद्या शेवग्याच्या शेंगेची काढतील!" मी एकदा म्हटलं, "अहो, मोठ्या हॉटेलात खरी मिळते की." तर मी त्यांना पॅकेटातली पुरणपोळी सुचवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्यायचीय कुणाला? मला करायचीय!"

करायची ती नाशिकला, वडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये. इथे करणं गुन्हा, आणि देवरे तर वाचनालयाचं पुस्तकही मुदतीच्या आदल्या दिवशी परत करणारे. वर्षाची रजा तीस दिवस. त्यात चौदा दिवस पिंपात, चौदा दिवस बाटल्यांत आणि येण्याजाण्याचे दोन, असा त्यांनी रंगीत तक्ता केलेला. त्या तक्त्यात लग्न, बारसं, दाढदुखी यांना जागा नाही. चुलतभावाच्या लग्नाला ते बाटल्या भरायच्या म्हणून गेले नाहीत. वर त्यालाच सुनावलं, "मुहूर्त काढण्याआधी विचारायचं होतंस."

आणि आला फुटबॉलचा वर्ल्ड कप. आमच्याकडे स्टेडियमबाहेरच्या पार्किंगचं काम. दोन महिने उरलेले आणि काम अर्धं. ऑफिसात नोटीस लागली, सगळ्यांच्या रजा रद्द. आमच्या इजिप्शियन मॅनेजरने देवऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "खलास, देवरे. वर्ल्ड कपनंतर, इन्शाल्ला."

त्या दिवशी परतताना देवऱ्यांनी स्टिअरिंगवर इतक्यांदा थाप मारली की हॉर्नच वाजत राहिला. "अख्ख्या जगाला इथे यायला सुट्टी आणि मला इथून जायला नाही? बावीस माणसं चेंडूमागे धावणार म्हणून माझं यीस्ट मरणार? आणि माल नाशिकला येऊन पडलाय हो! सगळा खराब होणार!"

घरात त्या मालाशेजारी होते त्यांचे वडील, अप्पा. वय एक्याऐंशी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असिस्टंट म्हणून चौतीस वर्षं काढलेली. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. मुलाने पहिल्यांदा बीअर केली तेव्हा त्यांनी "हे माझ्या घरात नको" म्हणून पिंप शेडमध्ये हलवायला लावलं होतं. आई गेल्यापासून बापलेकांचं बोलणं म्हणजे शुक्रवारचा एक फोन. "बरा आहेस?" "बरा आहे. तुम्ही?" "बरा आहे. ठेवू?" गाडीत मी तो कितीदा ऐकलाय. सीटबेल्ट लावेपर्यंत संपायचा.

या वेळी देवऱ्यांनी सांगितलं, "अप्पा, माल वाया जाणार." अप्पांना दारूपेक्षाही वाया जाण्याचा तिटकारा जास्त. ते म्हणाले, "सांग काय करायचं ते. मी करीन. चव मात्र घेणार नाही."

तेव्हापासून देवऱ्यांचा दिवस बदलला. पहाटे गाडीत एक फोन, दहाच्या चहाला एक, जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवर पिंपाचं दर्शन. एकदा भर मीटिंगमध्ये फोनचा स्पीकर चुकून चालू झाला आणि दहा देशांच्या माणसांनी अप्पांचा आवाज ऐकला, "सुधीर! अरे, फेस वर आला रे! झाकण उडतंय बघ!"

मॅनेजर घाबरला. "तुझे वडील बरे आहेत ना?"

"ही इज फर्मेंटिंग, सर," देवरे म्हणाले.

अप्पाही काही कमी नव्हते. "तुझा थर्मामीटर अर्धा अंश खोटा आहे. असलं हत्यार मी विद्यार्थ्याच्या हातात दिलं नसतं!" देवरे फोन ठेवून माझ्यावर उखडायचे, "ऐकलंत? माझा थर्मामीटर खोटा!" पण भांडण वीस-वीस मिनिटं चालायचं, आणि आधी फोन कोण ठेवणार यावर वेगळं भांडण.

बाटल्या भरायला एक-दोन दिवस उरले असताना एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. अप्पा होते. अडीअडचणीला म्हणून देवऱ्यांनी माझा नंबर दिलेला.

"सुधीरला सांगू नका," ते म्हणाले. "त्याची बीअर गेली. नवव्या दिवशी झाकण लावायचं विसरलो. बुरशी धरली. ओतून दिली सगळी."

"मग रोज तापमान कसलं सांगताय?"

"पिंपात पाणी भरून ठेवलंय. त्याचं सांगतो. खोटा आकडा मला नाही हो सांगता येत." मग हळूच म्हणाले, "बीअर नाही म्हटलं तर तो परत शुक्रवारीच फोन करील."

मी शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोडला. मला देवऱ्यांचाच राग आला होता. एवढा शिकलेला माणूस, बापाला आठवड्यातून अर्धं मिनिट देतो! अल गराफाच्या उड्डाणपुलावर मी सगळं सांगून टाकलं, जरा चढ्या आवाजातच.

देवरे चिडले नाहीत. समोर बघत गाडी चालवत राहिले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "नवव्या दिवसापासून पिंपाच्या नळीत आंबण्याचा एकही बुडबुडा नाही. व्हिडिओत दिसतं की."

"मग बोलला का नाहीत?"

उत्तर यायच्या आत डॅशबोर्डवरचा फोन वाजला. नाशिकला आठ वाजलेले.

"साडेतेवीस," अप्पांनी सांगितलं.

"छान आहे. अप्पा, एक सांगायचं होतं," देवऱ्यांनी माझ्याकडे न बघता आवाज अगदी कामाचा केला. "यंदा जरा सावकाश चाललंय. घाई करून चालणार नाही. मी सुट्टीवर येईपर्यंत तरी पिंप हलवू नका."

"म्हणजे अजून तीन महिने?"

"लागतील तेवढे."

"मग रोज बघावं लागेल रे."

"रोज," देवरे म्हणाले. "आणि आज जेवायला काय करताय?"

अप्पा सांगू लागले. मुगाची खिचडी, तीत कोथिंबीर नाही, कारण कोथिंबीरवाल्याने शिळी जुडी गळ्यात मारली आणि वर उद्धटपणे बोलला. साइटचं गेट आलं. देवऱ्यांनी गाडी बाजूला लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि मला हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे.