गयाबाईंपुढं 'गरीब' म्हणायचं नाही

गयाबाईंसमोर 'गरीब' हा शब्द काढला की एक किलो कांदा चिरावा लागतो. दोनदा काढला तर दोन किलो. मी पहिल्याच दिवशी दोन किलो चिरला.

एसटीतून रिटायर झालो आणि महिन्याभरात बायको म्हणाली, "घरात बसून मला 'पुढं सरका, पुढं सरका' करू नका. कुठंतरी जा." धाराशिवात आमच्या कॉलनीमागं एक वस्ती आहे. तिथं पाच-सहा म्हाताऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं जेवण रांधतात. मजुरांची पोरं, एकटी पडलेली माणसं, कुणीही यावं आणि जेवावं. येताना मूठभर ज्वारी आणावी, नाहीतर सरपण, नाहीतर भांडी घासावीत. लोक त्याला भटारखाना म्हणतात. मी गेलो आणि नम्रपणे म्हणालो, "गरीब लोकांसाठी काहीतरी करावं म्हणतो. गरिबांची सेवा..."

चुलीपुढची काटकुळी बाई वळली. माझ्या खाकी पँटकडं बघत शेजारच्या म्हातारीला म्हणाली, "रहेमतबी, ह्या कंडक्टरला इळी दे. दोन किलो."

डोळे पुसत मी कारण विचारलं. "इथं रांधती ती रांधणारी आन् खातो तो खाणारा," गयाबाई म्हणाल्या. "तिसरी जात न्हाय."

तीस वर्षं तिकिटं फाडली, पण भाकरी कधी थापली नव्हती. गयाबाईंची शिकवणी म्हणजे एकच शब्द: "बघ." बघून मी पहिली भाकरी थापली. त्यांनी मान वाकडी केली. "ह्यो जिल्ह्याचा नकाशा झाला. भूम-परांडा लई भाईर आलंय, आत घे." दुसरी परातीलाच चिकटली. आठवडाभरानं एक टम्म फुगली. मी आनंदानं सगळ्यांकडं बघायला लागलो, तर गयाबाई म्हणाल्या, "भाकर फुगली. तू नको फुगू."

एकदा ज्वारीचा डबा तळाला गेला होता. नेमकं त्याच दिवशी गावातले एक दानशूर गृहस्थ जीपमधून तांदळाची पाच पोती घेऊन आले. सोबत बॅनर आणि फोटोग्राफर. पोरांना ओळीनं बसवलं, हातात रिकाम्या ताटल्या दिल्या. भाषण सुरू झालं. "या गरीब वस्तीत..."

"एक," गयाबाई चुलीपासून म्हणाल्या.

गृहस्थ थबकले, पण बोलत राहिले. "गरीब माताभगिनी... गरीब लेकरं..."

"दोन. तीन." गयाबाईंनी विळी उचलून त्यांच्यापुढं ठेवली. "बसा सायेब. तीन किलो."

पोरं खिदळली. गृहस्थांचा चेहरा उतरला. "आजी, चेष्टा करता का?"

"चेष्टा न्हाय. ह्या कंडक्टरनंबी चिरलाय, इचारा."

मी मान हलवली. तेवढ्यात फोटोग्राफरनं पोरांवर कॅमेरा रोखला. गयाबाई मधे जाऊन उभ्या राहिल्या. "खाताना मान्साचं तोंड उघडं असतंय. तवा फोटू काढत न्हाईत."

"मग तांदूळ कशाला देऊ?"

"न्या की."

पोती परत जीपमध्ये चढली. धूळ खाली बसायच्या आत रहेमतबी कडाडल्या, "गया, तुझ्या जबानीपायी आज लेकरं उपाशी! कुठनं आणशील आता?"

गयाबाई घमेलं उचलून वस्तीत शिरल्या. मी पिशवी घेऊन मागं. प्रत्येक दारात एकच वाक्य: "मूठ काढ." विनवणी नाही, गोड बोलणं नाही, जशी तहसीलची वसुली. कुणी ज्वारी दिली, कुणी बाजरी, कुणी वाटीभर तूरडाळ. एका घरात नुसती हिरवी मिरची होती, तीही घेतली. जेवायला तासभर उशीर झाला, पण सगळ्या धान्याच्या मिळून दाट कण्या झाल्या आणि वर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी. पोरांनी ताटल्या चाटून पुसून ठेवल्या. मग रांधणाऱ्या बसल्या, तेव्हा रहेमतबींनी पहिलं ताट गयाबाईंपुढं सरकवलं.

भटारखाना रविवारी बंद असतो. अशाच एका रविवारी बायकोनं येसर आणायला गयाबाईंच्या घरी पाठवलं. बाई दारात बसून हातगाडीवाल्याला झापत होत्या, "दोन घास खाल्लंस तर गाडा पळून जातोय व्हय?" तो हसून निघून गेला. आत चुलीवर पातेलंभर आमटी, टोपल्यात दहा-बारा भाकरी. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा आणि सून पुण्याला असतात, हे मला रहेमतबींकडून कळलं होतं. गयाबाईंनी कधी विषय काढला नव्हता.

"कुणी यायचंय का, मावशी?"

"न्हाय." त्या उठून आत चुलीपुढं गेल्या. "एकटीपुरतं कराया बसलं की हातच चालत न्हाय रं."

मी घरून जेवून निघालो होतो. हात धुतले आणि बसलो. त्यांनी वाढलं. दोन भाकरी कशाबशा संपवल्या, तिसरीही पानात पडली, तीही खाल्ली. गयाबाई समोर बसून माझ्या ताटाकडं बघत होत्या. मी उठलो तेव्हा त्यांनी तोंड चुलीकडं फिरवलं, विझलेलं लाकूड उगीचच आत सारलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"पुढच्या आयतवारी काय करू?"