पाणवठ्याची ऑनलाइन परीक्षा

एका जंगलात, बाळांनो, मोबाइलचा टॉवर सगळ्यात उंच सागापेक्षाही उंच होता. त्यामुळे तिथली शाळा ऑनलाइन भरायची. पोरं घरट्यात, नाहीतर जाळीत लोळत शिकायची आणि सुलभाबाई साळिंदर आपल्या बिळातून शिकवायच्या.

शाळेचा एक नियम होता. पाणवठ्याची परीक्षा पास झाल्याशिवाय कुठल्याही पोराला आईवाचून पाण्यावर जाता येत नसे. म्हणून बाई प्रश्न फार जपून काढत.

यंदा शिक्षण खात्याच्या तरसरावांनी फर्मान काढलं, "एका प्रश्नाला एकच उत्तर, हे जुनाट झालं. आता अनेक बरोबर उत्तरांचे प्रश्न काढा."

बाईंनी चष्मा पुसला आणि प्रश्न भरला. पाणवठ्यावर कोणापासून सावध राहावे? पर्याय चार : मगर, वाघ, बेडूक, कमळ. मगर आणि वाघ या दोन बरोबर उत्तरांना त्यांनी अर्धे अर्धे गुण ठेवले. चुकीच्या उत्तराला किती गुण कापायचे, असंही मशीन विचारत होतं. बाईंचे काटे फक्त पाठीवर. मन मऊ. त्यांनी तिथे शून्य घातलं.

पोरं हुशार. सगळ्यांनी चारही चौकटींत टिक केलं. सगळ्यांना पैकीच्या पैकी!

बाईंनी निकाल पाहिला. ही पोरं उद्या मगरीच्या तोंडाशी जाणार! त्यांनी शून्य खोडून तिथे प्रत्येक चुकीला वजा अर्धा गुण भरला आणि परीक्षा पुन्हा घेतली. पोरांनी सवयीनं पुन्हा चारही चौकटींत टिक केलं. सगळ्यांना भोपळा.

मग काय! पालकसभा पेटली.

"बाई, मगर बरोबर आहे ना?" भेकरवहिनींनी विचारलं.

"आहे."

"आणि वाघ?"

"तोही."

"मग आमच्या गोटूनं दोन्ही सांगितलेत. वर आणखी दोन सांगितलेत. पाहुण्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या, तर तो आधीच्या दोन परत करतो का?"

"अहो वहिनी, पण कमळ! कमळ कुणाला खातं?"

"ते तुम्ही शिकवायचं. गुण कापून काय होणार?" रानडुक्करकाका गुरगुरले.

तरसराव खो खो हसले. त्यांना कशाचंही हसू येई. "बाई, उगाच ताणू नका. चारही उत्तरं बरोबर धरा."

"साहेब, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"निकाल शंभर टक्के लागला, की कसला प्रश्न?"

निकाल लागला. पोरं नाचत पाणवठ्याकडे निघाली. बाई धापा टाकत त्यांच्या मागून धावल्या.

गोटू सगळ्यांच्या पुढे. काठावर त्यानं मान वाकवली आणि एकदम ओरडला, "पळा रे! कमळ!"

"बेडूकपण आहे!" सशाची चिंगी किंचाळली.

पोरं शेपट्या वर करून अशी पळाली, की धूळच उडाली. कमळाखालून मगरीचा जबडा वर आला आणि रिकामाच मिटला.

 बाई इतक्या हसल्या, की पाठीवरचे काटे खुळखुळले. पोरं मात्र तहानलेलीच घरी परतली. आयांनी द्रोणातून पाणी आणून पाजलं.

दुसऱ्या दिवशी तरसरावांचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी मगरताई होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शिक्षणाचा दर्जा पार घसरलाय हो!" मगरताई म्हणाल्या. "पोरांना साध्या कमळाची भीती वाटते? चुकीच्या उत्तराला गुण कापलेच पाहिजेत."

"बघा बाई, किती तळमळ!" तरसराव म्हणाले. "यांना शाळा समितीवर घेऊ या."

"घ्या की," सुलभाबाई म्हणाल्या. "फक्त सभा ऑनलाइनच ठेवा."

तात्पर्य : उत्तर येत नसेल, तर सगळीच बरोबर मानावीत. त्यानं ज्ञान वाढत नाही, आयुष्य वाढतं. आणि शिक्षणाच्या दर्जासाठी कुणी फारच कळवळू लागलं, तर ते उपाशी तर नाही ना, एवढं लांबूनच विचारावं.